म्हातारीच्या बापाचा विनोद

बायको गेली आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी मी जिन्यात मोठ्याने हसलो. एवढ्या मोठ्याने की वर फ्लॅटमध्ये बसलेला माझा मुलगा लॅपटॉप बाजूला ठेवून बाहेर आला. त्याला वाटलं मी रडतोय. पायऱ्या उतरून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड बघितलं, आणि हात काढून घेतला.

हसवलं होतं खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने. ज्यू बाई, नव्वदीला टेकलेली, एकटी. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आमची विटांची जुनी बिल्डिंग आहे. मी मिठाईच्या दुकानात भट्टीवर कामाला लागलो तेव्हा इथे भाड्याने आलो आणि इथेच राहिलो. मुलगा शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, लांब सबर्बमध्ये मोठं घर घेतलं. आम्ही दोघं हललो नाही. आम्ही आलो तेव्हा म्हातारी आधीपासून होती, तिच्या आईबरोबर. ती आई मी पाहिली आहे. कोटाच्या कारखान्यात शिवणकाम करायची. जिन्यात भेटली तर मान हलवायची, बस. तिला हसताना मी एकदाही बघितलं नाही. मला वाटायचं दात नसतील.

तर त्या दिवशी. सुतक म्हणून घरात स्वयंपाक नव्हता. मंडळातली माणसं ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून जेवण आणून द्यायची. व्हॉट्सॲपवर ठरवून आणायची म्हणे, तरी रोज बटाट्याचीच भाजी. रिकामे ट्रे कचऱ्यात टाकायला मी खाली उतरलो. म्हातारी तिच्या दारात उभी.

"आज काय आणलं?"

"बटाटा."

"काल?"

"बटाटा."

आमचं दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं. माझं दुकानातलं, तिचं जर्मन वळणाचं. मी इथे सरळ मराठीतच लिहितो.

ती एकदम ताठ झाली, एक हात पाठीमागे घेतला. "या साहेब. काय आणू?" मला काही कळेना. तर हळूच म्हणते, "तू सूप माग."

"सूप द्या."

"सूप संपलं. आता मासा माग."

"मासा द्या."

"मासा देश सोडून गेला."

"कोंबडी?" हे मी माझ्या मनानेच म्हटलं.

"कोंबडी इथेच आहे साहेब. तिचे कागद अडकलेत."

"मग आहे काय तुमच्याकडे?"

स्वेटरच्या बाहीने ती जिन्याचा कठडा पुसायला लागली. सावकाश. मग माझ्याकडे असं बघितलं की जगात माझ्याएवढं बिचारं गिऱ्हाईक दुसरं नसेल. म्हणाली, "बिल."

माझ्या भाच्याचे ग्रीन कार्डाचे कागद कित्येक वर्षं अडकलेत. मला कोंबडी लगेच ओळखीची वाटली. पण हसलो ते त्यासाठी नाही. पोटातूनच आलं. दवाखान्यातले शेवटचे महिने, क्रिमेटोरियमच्या भट्टीत बायकोला आत सरकवलं तो दिवस, वर भेटायला येणाऱ्यांचं "सुटली हो बिचारी," हे सगळं पोटात दाबून बसलो होतो, ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि आलं ते हसू होऊन.

मुलगा मला वर घेऊन गेला. "बाबा, लोक येतायत-जातायत. आईला जाऊन किती दिवस झाले? व्हॉट इज धिस?"

"तिने विनोद सांगितला."

"सो? तुम्ही हसलंच पाहिजे का?"

सूनबाई पुण्याची. ती काही बोलली नाही, समईत तेल घालत राहिली. न बोलून जास्त बोलते ती.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, चला आमच्याकडे. मी नाही म्हटलं. तो गेला, घर रिकामं झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीने खालून काठीने छतावर ठोकलं. पूर्वी माझ्या बायकोला बोलवायची तसंच. मी गेलो. तिने चहा केला, दुधाशिवाय, कडू. आणि वेटरचं पुन्हा केलं. मी पुन्हा हसलो. मग आणखी एक केलं. एक माणूस शिंप्याकडे जातो, म्हणतो कोटाला वीस खिसे शिव. शिंपी विचारतो, एवढे कशाला? माणूस म्हणतो, एकच बॅग न्यायची परवानगी आहे, खिशांबद्दल कोणी काही बोललं नाही. मी त्यालाही हसलो. विमानात बसताना आपली माणसं खिशात काय काय कोंबतात ते मी बघितलेलं आहे.

हसताना ती माझं तोंड बघत बसायची. बाजारात म्हैस बघतात तसं. दात, डोळे, सगळं.

"माझ्या बापाचे आहेत हे," ती म्हणाली. "बर्लिनमध्ये कॅबरे करायचा. तो आणि आई."

मला कॅबरे म्हणजे हिंदी सिनेमातला ठाऊक. "तुझा बाप नाचायचा?"

"त्याचे पाय बघितले असतेस तर असं विचारलं नसतंस. टेबलं मांडलेली असायची, लोक खातपीत बसायचे, आणि हे दोघं स्टेजवर गाणी म्हणायचे, नकला करायचे. सरकारला शिव्या द्यायचे, पण अशा की सरकारी माणूसही टाळ्या वाजवेल."

असं रोज चाललं. एक दिवस म्हणाली, "तुझ्यासारखी आणखी माणसं आहेत का?"

"माझ्यासारखी म्हणजे?"

"ज्यांना काही माहीत नाही अशी. इथल्या गोऱ्यांना मी हे सांगितलं की ते रुमाल काढतात. शाळावाले मला बोलवायचे, पोरांसमोर. पोरंसुद्धा रडायची. माझ्या बापाच्या विनोदावर लोक नाक पुसतात."

"का?"

"तुला नको सांगायला. तुझं बिघडेल."

आता कोणी म्हणेल, एवढं कळलं नाही का याला? नाही कळलं. जर्मनांनी ज्यू मारले एवढं मला ऐकून ठाऊक होतं. पण ते कुठलं, आणि ही आमच्या खालची म्हातारी कुठली. मी सातवी शिकलेला माणूस. दोन्हीची गाठ मी कधी मारलीच नाही. माझ्या बायकोला मात्र सगळं माहीत होतं, हे नंतर कळलं. तिने मला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं की मी जाऊन काहीतरी बोलून येतो, हे तिला ठाऊक.

आमच्या मंडळात म्हाताऱ्यांचा मेळावा असतो, सूनबाई तो बघते. मी सूनबाईला म्हटलं, एक बाई आहे, विनोद सांगते, तिला दहा मिनिटं दे. सूनबाई खूश झाली. बाबा घराबाहेर पडतायत, कशात तरी लक्ष घालतायत. तिने म्हातारीला फोन केला. कोणालाही स्टेजवर आणायचं म्हणजे ओळख करून द्यायला माहिती लागते. कुठली, वडील काय करायचे, अमेरिकेत कधी आलात. म्हातारीने दोन-तीन गोष्टी सांगितल्या असतील. बाकीचं सूनबाईने जोडलं.

हॉलमध्ये सगळे जमले. सूनबाई माइकवर आली आणि म्हणाली, "आज आपल्यात एक होलोकॉस्ट सर्व्हायव्हर आहेत." मग आईवडील, छावणी, बाप तिथून परत आला नाही, सगळं सांगितलं. हॉल उठून उभा राहिला. काहींनी हात जोडले. मी पहिल्या रांगेत होतो. माझे हात मांडीवर तसेच राहिले. मला तेव्हाच कळलं, सगळ्यांबरोबर.

म्हातारीने वेटर केला. काय करणार, स्टेजवर उभी केली होती. सूप संपलं, हॉल चिडीचूप. मासा देश सोडून गेला म्हणाली तर माझ्या शेजारच्या मावशींनी हुंदका दिला. बिल म्हणाली, आणि मागे कोणीतरी नाक शिंकरलं. ती सबंध वेळ माझ्याकडे बघत होती. मी हसलो नाही. कसा हसणार?

मग प्रश्न. एक गृहस्थ उठले, "मॅडम, आमच्या मुलांसाठी तुमचा मेसेज काय?"

म्हातारी म्हणाली, "सूप मागवू नका."

गृहस्थांनी डोळे मिटून मान हलवली. नंतर बटाटेवडे होते.

गाडीत सूनबाई म्हणाली, "आजी, यू वेअर सो ब्रेव्ह."

"माझा बाप आज परत पडला," म्हातारी म्हणाली.

घरी आल्यावर मला तिने वर जाऊ दिलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं. म्हणाली, "आता बिघडलंच आहे तर सगळं ऐक."

ती माणसं बर्लिनमधून पळून हॉलंडमध्ये गेली. जर्मन तिथेही आले, आणि यांना एका छावणीत नेऊन टाकलं. मारायची जागा नव्हती ती, पाठवायची होती. दर मंगळवारी सकाळी तिथून पूर्वेला गाडी सुटायची. गुरांचे डबे. गेलेलं माणूस परत यायचं नाही. आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी तिथे नाटक व्हायचं. छावणीच्या साहेबाला नाटकाचं वेड. चांगले चांगले नट त्याच्या हातात आयते आलेले. नटांना आणि त्यांच्या पोराबाळांना तो गाडीत घालायचा नाही. हसवतायत तोवर.

"पहिल्या रांगेत तो बसायचा. तो हसला की मागे सगळ्यांनी हसायचं. सकाळी ज्यांची आई गेली त्यांनीही. मी सात-आठ वर्षांची होते. मी पण हसायचे."

"आणि नाही हसलं तर?"

"आमच्या हसण्याला कोण विचारतो. त्याचं हसू महत्त्वाचं." ती कपात बघत होती. "एका मंगळवारी बाप हा वेटर करत होता. साहेब शेजारच्या माणसाशी बोलत बसला. बिल आलं, तरी तो बोलतच होता. पुढच्या मंगळवारी बाप गाडीत."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"त्याच संध्याकाळी वेटर ठरलेला होता. तो बदलता येत नाही म्हणाले. आईने बापाचा कोट घातला आणि वेटर केला. तेच शब्द. बाप भराभर बोलायचा, गोळ्या झाडल्यासारखा, श्वास घ्यायचा नाही. त्याला वाटायचं थांबलं की विनोद मरतो. आई सावकाश करायला लागली. साहेब मांडीवर हात मारून मारून हसला. डोळे पुसत होता तो. म्हणून मी इथे बसले आहे तुझ्यासमोर."

"मग आईने वाचवलं तुला."

"मी तिला विचारलं, तुला एवढं चांगलं येत होतं तर बापाला का नाही सांगितलंस? आई म्हणाली, सांगितलं होतं. ऐकलं नाही त्याने." म्हातारीने कप खाली ठेवला. "मी त्यानंतर तिला हसू दिलं नाही. या घरात तिचं तोंड हसायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मरेपर्यंत. शेवटी शेवटी ती माझ्यासमोर तोंडावर हात धरून बोलायची."

म्हणजे दात होते तिला.

"मला एकच गोष्ट हवी होती मरायच्या आधी," म्हातारी म्हणाली. "काही माहीत नसलेला एक माणूस माझ्या बापाच्या पद्धतीने सांगितलेला विनोद ऐकून हसायला हवा होता. म्हणजे बाप बरोबर होता आणि तो साहेब गाढव होता, एवढं तरी ठरलं असतं. आणि तू हसलास जिन्यात. बायको नुकती गेलेली असताना हसलास. त्याहून मोठी परीक्षा कुठली?"

माझ्या बायकोने इथे काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. तिला ते जमायचं. मला जमत नाही.

"भराभर नव्हतं ते," मी म्हटलं. "तू थांबली होतीस."

"कुठे?"

"बिल म्हणायच्या आधी. बाहीने कठडा पुसलास. सावकाश. मी त्या पुसण्यालाच हसलो."

"बाप पुसायचा नाही."

"तू पुसतेस. रोज. माझ्या कपाखालचं टेबल पुसतेस, आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतेस. मग बिल."

ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं. मग हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"तुझी बायको बरोबर सांगायची तुझ्याबद्दल," ती म्हणाली.

"काय सांगायची?"

"तू दुकानात गेलास की ती इथे यायची, याच खुर्चीवर बसायची. तुझी नक्कल करायची. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तू वर आमच्या डोक्यावर एवढी वर्षं राहिलास आणि तुला माहीत नाही की तुझी बायको विनोदी होती?"

"काहीतरी बोलू नकोस. ती साधी बाई होती."

म्हातारी उठली. काठी बाजूला ठेवली. खांदे माझ्यासारखे वर केले, पोट पुढे काढलं, आणि बसली जेवायला. हातात काही नाही, पण मी चपाती मोडतो तशी मोडली, ताट निपटलं, बोटं चाटली. सगळं संपल्यावर ताट पुढे ढकललं आणि मराठीत म्हणाली, "मीठ जरा कमी होतं."

तिला मराठीचा एक शब्द येत नाही. तो आवाज माझा होता, पण माझाही नव्हता. माझ्या बायकोने काढलेला माझा आवाज होता. शब्दाच्या शेवटी ती थोडं नाकात बोलायची, ते नाकातलंसुद्धा त्यात होतं. मला माझी बायको दिसली. फोटोत दिसते तशी नाही. हालताना दिसली. मी हसलो. आधी हसलो आणि मग कळलं की हसतोय.

म्हातारी थांबली नाही. बातम्यांत हवामान सांगणाऱ्या पोरीशी मी भांडतो ते केलं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो ते केलं. मग एक खुर्ची ओढून शेजारी ठेवली, तिच्याकडे वाकली आणि मराठीत म्हणाली, "बरं वाटतंय का?" आणि मनगट वळवून घड्याळ बघितलं. पुन्हा, "बरं वाटतंय का?" पुन्हा घड्याळ.

दवाखान्याबाहेर गाडी रस्त्यावर लावावी लागायची. पार्किंगचं मीटर संपलं की दंड. त्यासाठी बघायचो मी घड्याळ. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. खाली येऊन त्याची नक्कल केली. मधे घरी सोडलं होतं तेव्हा त्या हालतीत जिना उतरून आली होती ती, एवढ्यासाठी.

तिथे माझं हसू थांबलं. म्हातारीने बघितलं थांबलेलं.

"आता कळलं?" ती म्हणाली. "थांबायचं कुठे ते मला येतं. आईचंच आलंय सगळं. बापाचं काही आलं नाही माझ्यात." हे तिने मला ऐकवलं नाही, खुर्चीला ऐकवलं. मग धपकन बसली.

चहाचं भांडं गार झालं. मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून जास्त मला दुसरंच हवं होतं.

"परत कर," मी म्हटलं.

"काय?"

"मीठ कमी. तेवढंच. पुढचं नको."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाइकाची गरज कळल्यावर मालक बघतो तसं.

"आधी तू हस," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या पद्धतीने सांगते. त्यावर हस. मग तुला तुझी बायको देते."

तिने दोन्ही हात मांडीखाली घातले, पुसायला सुटू नयेत म्हणून. आणि भराभर सांगितलं. सूप, मासा, कोंबडी, बिल. कुठे थांबणं नाही, बघणं नाही. मी बरंच जोर लावून हसलो. खांदे हलवले, मांडीवर हात मारला.

"खोटं आहे," ती म्हणाली. "हे मला शिकवू नकोस. अख्खी छावणी असंच हसायची."

तेव्हापासून मी रोज दुपारी खाली जातो. मुलगा दर रविवारी फोन करतो, बाबा, या ना आमच्याकडे, मुलांनाही बरं वाटेल. मी म्हणतो, थंडी संपू दे. थंडी संपली. म्हातारी आता फार थकली आहे, बोलताना धाप लागते, त्यामुळे भराभर सांगायचं म्हणजे तिला मधेच श्वास तुटतो. तरी हात मांडीखालून काढत नाही. मी तिला म्हटलं, एकदा पूस टेबल, मी हसतो, तू मला माझी बायको दाखव, मिटवून टाकू. नाही म्हणाली. दुसरं कोणी नाही तिच्या बापासाठी बसलेलं.

मला बापाच्या पद्धतीत गंमत दिसत नाही. मी खरंच कान देऊन ऐकतो. त्या साहेबाला का कंटाळा आला ते मला कळतं, आणि ते कळलेलं मला आवडत नाही.

काल ती मासा म्हणाली आणि माझं तोंड वाकडं झालं. ती झटकन पुढे सरकली.

"हसलास?"

"नाही. दाढ दुखतेय."

ती मागे टेकली. दम घेतला.

"सूप माग," म्हणाली.